अकरा महिन्यांचा भाडेकरू : गिरगावची चाळ, १९४० चे भाडे आणि आपली पिढी

१/ गिरगावातील एखाद्या जुन्या चाळीच्या मजल्यावर शेजारी-शेजारी दोन खोल्या असतात. क्षेत्रफळ तेच, गॅलरी तीच, नळाला पाणी येण्याची वेळही तीच. एका खोलीचे मासिक भाडे काही शे रुपये आणि तिथे राहण्याचा हक्क तीन पिढ्यांचा. दुसऱ्या खोलीचे भाडे काही दहा हजार रुपये आणि राहण्याचा हक्क अकरा महिन्यांचा. हा फरक घरमालकाच्या लहरीतून आलेला नाही, इतिहासातून आलेला आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

२/ माझे म्हणणे आधीच मांडतो. भाडेनियंत्रणाच्या वादात आपण नेहमी दोनच पात्रे उभी करतो : लुबाडला गेलेला मालक आणि फुकटात राहणारा भाडेकरू, किंवा उलट, लोभी मालक आणि गरीब भाडेकरू. या कथेत तिसरे पात्र आहे आणि गेल्या पन्नास वर्षांचा खरा भार त्याच्यावर पडला आहे. ते पात्र म्हणजे उशिरा आलेला भाडेकरू. आज शहराच्या मध्यवस्तीत खोली शोधणारे तुम्ही-आम्ही.

३/ मुळापासून पाहू. गिरगावच्या पत्त्यांत 'वाडी' हा शब्द पावलोपावली येतो : फणसवाडी, कांदेवाडी, झावबाची वाडी, खोताची वाडी. बेटावरच्या माडांच्या आणि फळझाडांच्या बागांची ही आठवण आहे. एकोणिसाव्या शतकात कापसाचा व्यापार आणि गिरण्या वाढल्या, कोकणातून व देशावरून माणसे आली, आणि बागांच्या जागी चाळी उभ्या राहिल्या. चाळ ही पहिल्या दिवसापासून भाड्यासाठीच बांधलेली वास्तू. पैसे असणाऱ्याने त्या काळी चाळ बांधणे म्हणजे महिन्याच्या ठरावीक उत्पन्नाची सोय करणे होते.

४/ म्हणून हे लक्षात ठेवावे : मध्य मुंबईचा मराठी मध्यमवर्ग घडला तो स्वतःच्या घरात नव्हे, भाड्याच्या खोलीत. कारकून, शिक्षक, छापखान्यातील जुळारी, पेढीवरचे मुनीम, सारे भाडेकरू. केशवजी नाईक चाळीतील १८९३ चा गणेशोत्सव मुंबईतील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव मानला जातो. तो उत्सव सुरू करणारी माणसे चाळीची मालक नव्हती. ती तिथे राहत होती, एवढेच त्यांचे नाते. आणि तेवढे पुरेसे होते.

५/ १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा पहिला उद्रेक झाला आणि सरकारचे लक्ष दाट वस्तीकडे गेले. १८९८ मध्ये 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. त्याने गर्दीच्या वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले आणि काही चाळीही बांधल्या. पण घर पडते एका दिवसात आणि नवे उभे राहायला वर्षे लागतात. हवा खेळती झाली, आणि स्वस्त खोल्यांची टंचाई मात्र वाढली.

६/ त्यात पहिले महायुद्ध आले. बांधकाम साहित्य महागले, नवी घरे थांबली, भाडी चढली. १९१८ मध्ये मुंबईत भाड्यावर निर्बंध घालणारा युद्धकालीन कायदा झाला. तो तात्पुरता होता आणि विसाच्या दशकाअखेर मावळला. इथे एक मुद्दा नोंदवतो. घरटंचाईचे सारे खापर भाडेनियंत्रणावर फोडले जाते. कालक्रम उलटा आहे. टंचाई आधी आली, नियंत्रण नंतर.

७/ दुसऱ्या महायुद्धात तेच पुन्हा घडले, पण या वेळी तात्पुरते ते कायमचे झाले. १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. त्याचा गाभा 'प्रमाण भाडे' हा होता : १ सप्टेंबर १९४० रोजी खोलीचे जे भाडे असेल, तेच साधारणपणे यापुढचे कमाल भाडे. शिवाय कायद्याने सांगितलेल्या कारणांखेरीज भाडेकरूला काढता येणार नाही, आणि त्याच्या पश्चात सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेहक्क मिळेल.

८/ त्या क्षणी हा कायदा चुकीचा होता काय? मला तसे वाटत नाही. युद्ध नुकतेच संपले होते, महागाई होती, फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे मुंबईत येत होते. बाजारावर सोडले असते तर मध्यवस्तीतील हजारो कुटुंबे रस्त्यावर आली असती. या कायद्याने त्यांना जी वस्तू दिली ती पैशांत मोजता येत नाही : उद्याची खात्री.

९/ त्या खात्रीवर काय उभे राहिले ते गिरगावात दिसते. साहित्य संघाच्या नाटकांचा प्रेक्षक पायी येण्याच्या अंतरावर राहत होता. वाचनालयाची वर्गणी पिढीजात चालत होती. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत सभेची हाक गॅलरीतून गॅलरीत पोहोचत होती. उद्या आपण इथेच असणार हे ठाऊक असलेला माणूस मंडळाचा हिशेब ठेवतो, शेजाऱ्याच्या मुलाचा अभ्यास घेतो, जिन्यातला दिवा बदलतो. अकरा महिन्यांनी जाणारा माणूस हे का करील?

१०/ आता दुसरी बाजू. कायदा दर काही वर्षांनी मुदतवाढ घेत राहिला आणि भाडे १९४० मध्येच थांबले. लाकूड, चुना, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी मात्र पुढे गेली. जमा होणाऱ्या भाड्यात छताची कौलेही बदलता येईनात. काही मालकांनी चाळ अक्षरशः वाऱ्यावर सोडली. काही जण मनाने मालक राहिलेच नाहीत. त्यांना खलनायक ठरवणे सोपे आहे. पण उत्पन्न गोठवून जबाबदारी मात्र चालू बाजारभावाने वसूल करणे, हा न्याय नव्हे.

११/ कायदा जिथे दार बंद करतो तिथे बाजार खिडकी काढतो. त्या खिडकीचे नाव पागडी. खोली हवी असलेला नवा माणूस सोडून जाणाऱ्या भाडेकरूला मोठी रक्कम देई, त्यातला ठरलेला वाटा मालकाला मिळे आणि पावती नव्या नावाने फाटे. १९४७ च्या कायद्याने अशी रक्कम घेणे गुन्हा ठरवले होते. तरीही ती सर्रास घेतली गेली, कारण दोघांनाही तिची गरज होती : मालकाला बुडालेले भाडे भरून काढायचे होते आणि भाडेकरूला आपल्या हक्काची किंमत हवी होती.

१२/ पागडीने भाडेकरूचा अर्थच बदलला. तो आता निव्वळ भाडेकरू नव्हता. त्याने खोली जवळजवळ विकत घेतली होती. पण मालकही नव्हता, कारण जमीन आणि भिंती दुसऱ्याच्या. मालक नावापुरता, भाडेकरू हक्कापुरता, आणि इमारतीचा जीर्ण जिना दोघांपैकी कोणाचाच नाही. 'फुकटात राहणारे' असे म्हणण्यापूर्वी हे पाहावे की अनेक कुटुंबांनी या खोल्यांसाठी दागिने मोडून पागडी दिली आहे.

१३/ जिना कोणाचाच नाही याचे उत्तर सरकारने १९६९ च्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना कायद्याने दिले. बेट शहरातील जुन्या इमारतींवर उपकर बसवायचा आणि सरकारी मंडळाने दुरुस्ती करायची. अशा उपकरप्राप्त इमारती सुरुवातीला १९,६४२ होत्या. त्यांपैकी १६,५०२ इमारती 'अ' वर्गातल्या, म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. तारीख ओळखीची वाटली ना? भाडे जिथे गोठले, त्याच दिवशी इमारतीचे वयही मोजायला घेतले.

१४/ उपकर अपुरा, इमारती अफाट. टेकू लावणे हीच दुरुस्ती झाली. धोकादायक ठरलेल्या चाळीतील माणसे संक्रमण शिबिरात गेली आणि अनेकांचे आयुष्य तिथेच सरले. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे मेली. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत पुन्हा तेच. म्हणून चाळीविषयीच्या गोड आठवणी सांगताना मला संकोच वाटतो. त्या आठवणींच्या डोक्यावरचे छत खरोखरच पडत होते.

१५/ आता कथेला वळण देणारी, पण पाठ्यपुस्तकांत न सापडणारी तारीख : १ फेब्रुवारी १९७३. भाडेकायदा टाळण्यासाठी मालक 'भाडे' हा शब्दच न वापरता 'लिव्ह अँड लायसन्स', म्हणजे केवळ वापराची परवानगी, असा करार करू लागले होते. सरकारने दुरुस्ती केली : त्या दिवशी असा करार चालू असून जो प्रत्यक्ष राहत असेल, तो संरक्षित भाडेकरू मानला जाईल. त्या दिवसापर्यंत आत असलेले तरले.

१६/ आणि त्यानंतर आलेले? त्यांच्यासाठी परवानगी ती परवानगीच राहिली. मुदत संपली की हक्क संपला. १९९९ च्या कायद्यानुसार मुदतीनंतर न निघणाऱ्या परवानाधारकाला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. एकाच शहरात, एकाच छताखाली दोन वेगळी नागरिकत्वे असावीत तसे हे आहे. फरक गरजेचा नाही, उत्पन्नाचा नाही. फरक फक्त कोण आधी आले याचा. आमचा अपराध एवढाच की आम्ही उशिरा जन्मलो.

१७/ थोडे विषयांतर, पण इतिहासप्रेमींना आवडेल असे. करार अकराच महिन्यांचा का? १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती. ती टाळायला लोक बाराऐवजी अकरा महिने लिहीत. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने मात्र प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक केले, मुदत कितीही असो. म्हणजे अकराचे मूळ कारण आपल्याकडे संपले, आकडा उरला.

१८/ इतका उरला की लांब मुदतीचा करारही आपण २२ किंवा ३३ महिन्यांचा करतो. अकराचा पाढाच. इतिहासात अशा खुणांना मोठे मोल असते : जी गरज मेली तिचा सांगाडा रोजच्या व्यवहारात टिकून राहतो. फक्त हा सांगाडा संग्रहालयात ठेवलेला नाही. दर अकरा महिन्यांनी तो दलालीच्या, अनामत रकमेच्या आणि टेम्पोच्या भाड्याच्या रूपाने आपल्या खिशात हात घालतो.

१९/ १९ डिसेंबर १९९७ रोजी मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्रमाण भाड्याच्या तरतुदी एकेकाळी रास्त होत्या, पण काळाच्या ओघात त्या रास्त राहिलेल्या नाहीत. पुढे १९९९ चा कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय व मोठ्या कंपन्या संरक्षणातून वगळल्या गेल्या, हे योग्यच झाले. पागडीला मान्यता मिळाली. भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा मिळाली.

२०/ पण ४ टक्के कशावर? गोठलेल्या आकड्यावर. तेव्हा १०० रुपये असलेले भाडे २५ वर्षांनी साध्या हिशेबाने २०० होते. चक्रवाढीने धरले तरी सुमारे २६७. एका बाजूला हे, आणि दुसऱ्या बाजूला नव्या भाडेकरूसाठी वाढीवर कसलीच मर्यादा नाही. कायद्याने दोन टोके निवडली आणि मधली जागा, जिथे बहुतेक माणसे राहतात, ती मोकळी सोडली.

२१/ आणखी एक रिकामी जागा आहे. कायद्याने 'किती भाडे' हे ठरवले. 'कोणाला भाड्याने' हे कधीच विचारले नाही. चाळीचा जिव्हाळा खरा होता, पण त्याला उंबरठा होता : ही चाळ या जातीची, ती वाडी त्या धर्माची. परदेशी शिक्षण घेऊन आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ मध्ये बडोद्यात घर मिळाले नाही. पारशी पथिकाश्रमात नाव लपवून राहावे लागले आणि तिथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. आज दलाल आडनाव विचारतो, जेवण विचारतो, लग्न झाले का विचारतो. प्रश्न सौम्य झाले. उंबरठा तिथेच आहे.

२२/ पर्याय नव्हतेच असे नाही. गिरगावला लागून धोबी तलाव भागात गोव्याच्या गावांचे 'कूड' होते. काही आजही आहेत. गावाच्या नावाने जागा, आणि जहाजावर वा शहरात कामाला आलेल्या गावकऱ्याला अल्प वर्गणीत खाट आणि पेटी ठेवायला जागा. मालकी व्यक्तीची नाही आणि हक्क पिढीजात नाही. गरज असेल तोवर राहा, मग पुढच्याला द्या. उंबरठा इथेही होता, तो गावाचा. पण उशिरा येणाऱ्यासाठी जागा राखण्याची कल्पना त्यांना सुचली होती, जी आमच्या कायद्याला सुचली नाही.

२३/ आजचे उत्तर म्हणजे पुनर्विकास. विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) नुसार विकासकाला वाढीव चटईक्षेत्र मिळते आणि जुन्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे घर मोफत, मालकीहक्काने. पडक्या चाळीत जीव मुठीत धरून राहिलेल्यांना पक्के घर मिळावे यात वादच नाही. पण याचा परिणाम पाहा : भाड्याने राहण्यासाठीच वसलेली वस्ती आता केवळ मालकांची होते आहे. उरलेले मजले कोट्यवधींना विकले जातात. स्वस्त भाड्याची एकही नवी खोली तयार होत नाही.

२४/ वाद न्यायालयांतही चालू आहेत. सत्तर टक्के रहिवाशांची संमती असल्यास उपकरप्राप्त इमारत, मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदल्यात, रहिवाशांच्या सहकारी संस्थेसाठी संपादित करण्याची तरतूद १९८६ मध्ये झाली. मालकांनी तिला आव्हान दिले. त्यातून निघालेल्या घटनात्मक प्रश्नावर ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितले की प्रत्येक खासगी मालमत्ता ही 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरत नाही. या खटल्यातही पक्ष दोनच : मालक आणि जुना भाडेकरू. तिसऱ्याचे वकीलपत्र कोणीच घेतलेले नाही.

२५/ मग काय करावे? इतिहासाच्या विद्यार्थ्याने कायदे लिहू नयेत, पण या शतकभराच्या अनुभवातून तीन गोष्टी स्वच्छ दिसतात. पहिली : भाडे गोठवू नये, पण मोकाटही सोडू नये. महागाईशी बांधलेली वार्षिक वाढ मालकालाही जगवते आणि भाडेकरूलाही. १९४० चा आकडा अन्यायी झाला तो बंधनामुळे नव्हे, त्या बंधनाचा काटा थांबल्यामुळे.

२६/ दुसरी : राहण्याची किमान मुदत काही वर्षांची असावी आणि त्या काळात कारणाशिवाय घर सोडायला लावता येऊ नये. पिढीजात हक्क नको; मुलाची दहावी होईपर्यंतची खात्री पुरे. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित ठेवण्याची सूचना आहे. ती चांगली आहे. पण त्यात मुदतीची हमी नाही, आणि मुदत हीच खरी वस्तू आहे.

२७/ तिसरी : पुनर्विकासात मिळणाऱ्या वाढीव चटईक्षेत्राचा काही वाटा कायम भाड्याच्या घरांसाठी राखावा. ते क्षेत्र शहराचे आहे. त्यातून शहरात नव्याने येणाऱ्याला काही मिळावे. आणि आज चाळीत राहणाऱ्या वृद्ध, अल्प उत्पन्नाच्या भाडेकरूंचे संरक्षण मात्र काढू नये. त्याचा खर्च एका मालकाच्या माथी न मारता सर्वांनी उचलावा. चूक सार्वजनिक धोरणाची होती. तिची भरपाईही सार्वजनिकच हवी.

२८/ 'मग नालासोपाऱ्याला राहा, मध्यवस्तीचा हट्ट कशाला?' हा आक्षेप मी ऐकला आहे. उत्तर असे की गिरगावात कामाला, शिकायला, इस्पितळात शुश्रूषेला येणारी माणसे थांबलेली नाहीत; फक्त ती रात्री तिथे राहू शकत नाहीत. आणि वारसा म्हणून आपण ज्याचे फोटो काढतो, ती लाकडी गॅलरी, तो नक्षीदार कठडा, हे सारे भाडेकरूंच्या वावराने अर्थपूर्ण झाले. कठडा जपून माणूस घालवला, तर उरते ते नाटकाचे नेपथ्य.

२९/ शेवटी एक विनंती. घरात आजी-आजोबांच्या काळातील भाडेपावत्या असतील तर रद्दीत देऊ नका. पुनर्विकासात पात्रता ठरवताना त्या लागतातच. पण त्यापलीकडे त्या इतिहासाची अस्सल साधने आहेत. नाव, खोली क्रमांक, भाड्याचा आकडा, मालकाची सही, पावती कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेली : एवढ्याशा कागदावर एका कुटुंबाचे शहरातले स्थान नोंदलेले असते. फोटो काढा, वर्ष लिहा, जपून ठेवा.

३०/ आपण गडकोटांच्या सनदा आवडीने वाचतो. भाडेपावती हीही एक सनदच आहे, सामान्य माणसाला शहराने दिलेली. आपल्या आजोबांना ती मिळाली. आपल्या हातात आज अकरा महिन्यांचा करार आहे, ज्याची प्रत पुढच्या वर्षी कोणी ठेवणारही नाही. शंभर वर्षांनी कोणी या काळाचा इतिहास लिहील तेव्हा आपण इथे राहत होतो, हे त्याला कळावे तरी कशावरून? धागा समाप्त.